व्याख्यान सहावे : देव न मानणारी माणसं



मागच्या दोन व्याख्यानांत आपण ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणं पाहिली. उदयनाचार्यांचं अनुमान पाहिलं, थॉमस अक्वायनसचे पाच मार्ग पाहिले. आज दुसऱ्या बाजूला जायचं आहे. काही माणसं देव का मानत नाहीत? ठरल्याप्रमाणे मी चार्वाकापासून सुरुवात करणार होतो. पण मागच्या व्याख्यानानंतर एक प्रसंग घडला, आज तिथूनच सुरुवात करतो.

सगळे उठल्यावर एक बाई भेटायला आल्या. साठी उलटलेल्या असाव्यात. त्यांच्या यजमानांचं वर्षश्राद्ध होतं आणि मुलाने बसायला नकार दिला. तो म्हणाला, "आई, दिवसभर घरी थांबतो, आल्यागेल्याचं सगळं बघतो. पण जे मला खरं वाटत नाही, ते हात जोडून म्हणणार नाही." मुलगा वाईट नाही. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा चार महिने त्यानेच त्यांचं सगळं केलं होतं. बाई मला विचारत होत्या, "सर, आमच्या संस्कारांत काय कमी पडलं?"

मी काहीतरी थातूरमातूर बोललो. मागे माणसं उभी होती हे खरं, पण उत्तर सुचलं नव्हतं हेही खरं. आज ते देण्याचा प्रयत्न करतो. बाई आज आल्या आहेत की नाही ठाऊक नाही. नसल्या तर कुणीतरी त्यांना ही ध्वनिफीत पाठवा.

आता आधी शब्दांचा घोळ निस्तरू. श्राद्धाचा संबंध खरं तर देवाशी नाही, परलोकाशी आहे. आणि 'नास्तिक' या शब्दाचा जुना अर्थ बघा. पाणिनीच्या सूत्रावरून 'आस्तिक' आणि 'नास्तिक' हे शब्द सिद्ध होतात, तेव्हा टीकाकार त्यांचा अर्थ 'परलोक आहे असं मानणारा' आणि 'परलोक नाही असं मानणारा' असाच लावतात. मनुस्मृतीत नास्तिक म्हणजे वेदाची निंदा करणारा. 'ईश्वर न मानणारा' हा तिसरा अर्थ. आज आपल्याला तेवढाच एक माहीत असतो.

या तीन अर्थांची सरमिसळ झाली की भलते घोटाळे होतात. मीमांसक घ्या. वेद प्रमाण, यज्ञ झालेच पाहिजेत, स्वर्ग आहे. मनूच्या हिशेबाने कडकडीत आस्तिक! पण जगाचा कर्ता असा ईश्वर प्राचीन मीमांसकांना नको होता. सांख्यांनी पंचवीस तत्त्वं मोजली, त्यांत ईश्वर नाही. जैन आणि बौद्ध दर्शनांत सृष्टिकर्ता नाही. तेव्हा देव न मानणं हे इंग्रजांबरोबर बोटीतून आलेलं खूळ आहे, हा समज आधी काढून टाका. आपल्याकडे ही चर्चा किमान दोन-अडीच हजार वर्षं चालू आहे.

दुसरा घोटाळा जास्त घरगुती आहे. मी नऊ वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ विषमज्वराने गेला. वडील शाळामास्तर. स्नान झालं की पूजा, हा त्यांचा नेम. भाऊ गेल्यानंतर त्यांनी पूजा केली नाही ती कधीच केली नाही. आई करायची. ते त्या वेळी ओसरीवर जाऊन बसायचे. एम.ए. झाल्यावर मी मोठ्या ऐटीत त्यांना विचारलं, "दादा, तुम्ही नास्तिक आहात ना?" ते म्हणाले, "छे. तो आहे की. त्याचं माझं बोलणं नाही, एवढंच."

मंडळी, याला नास्तिक्य म्हणत नाहीत. हा अबोला झाला. अबोला धरायला समोर कुणीतरी असावं लागतं. आपल्या संतांनी विठ्ठलाशी भांडणं केली, जनाबाईंनी तर त्याला शेलक्या शिव्या घातल्या, आणि ती सगळी भक्तीच होती. 'देव न मानणारी माणसं देवावर चिडलेली असतात' असं आपण सर्रास म्हणतो. चिडलेली माणसं असतात, पण ती बहुधा मानणाऱ्यांतलीच असतात. नसलेल्यावर कोण चिडणार?

मग जे खरोखर मानत नाहीत, ते तिथवर कसे पोचतात? मला चार वाटा दिसतात. आणखीही असतील, पण या चार मोठ्या.

पहिली वाट पुराव्याची. जमिनीवर हक्क सांगणाऱ्याने सात-बाराचा उतारा दाखवायचा असतो. 'ही जमीन तुमची नाही हे सिद्ध करा' असं तो शेजाऱ्याला सांगू शकत नाही. देव न मानणाऱ्या पुष्कळांचं म्हणणं इतकंच साधं आहे: उतारा दाखवा. ते 'देव नाही' असं छातीठोकपणे सांगत नसतात. 'आहे' म्हणायला मला पुरेसं कारण दिसत नाही, असं म्हणत असतात. ज्यांचं म्हणणं 'हे कळण्याजोगंच नाही' असं असतं, ते अज्ञेयवादी. या अर्थाचा इंग्रजी शब्द टी. एच. हक्सलीने १८६९ मध्ये घडवला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं जग समोर आहे, याचा कर्ता नको का? घट आहे म्हणजे कुंभार असणारच! याला कुमारिल भट्टांनी सातव्या शतकाच्या सुमारास श्लोकवार्तिकात जे उत्तर दिलं, ते आजही वर्गात सांगताना मला मजा येते. ते विचारतात: कुंभाराला हातपाय असतात. ईश्वराला शरीर होतं का? असेल, तर ते कुणी घडवलं? नसेल, तर त्याने काम कसं केलं? बरं, जग निर्माण करण्याचं कारण काय? करुणा म्हणाल, तर तेव्हा प्राणीच नव्हते, मग करुणा कुणाची? आणि करुणेने केलं असतं तर सगळं सुखाचंच केलं असतं. करमणूक म्हणून केलं म्हणाल, तर करमणुकीची गरज लागणारा परिपूर्ण कसा? काहीच हेतू नव्हता म्हणाल, तर बिनकामाचं तर मठ्ठ माणूससुद्धा काही करत नाही.

हे लिहिणारा माणूस यज्ञयाग मानणारा, वेदांसाठी बौद्धांशी वाद घालणारा. वेद अपौरुषेय आहेत, त्यांना कुणी कर्ता नाही, हे त्याला राखायचं होतं. त्यासाठी त्याने जगाचा कर्ताही मोडीत काढला.

प्राण्यांचे डोळे, पंख, त्यांची इतकी नेटकी रचना, ही मात्र बराच काळ ईश्वरवाद्यांची भक्कम बाजू होती. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला आणि रचनाकाराशिवाय रचना कशी घडू शकते याचं एक उत्तर मिळालं. त्याने ईश्वर नाही असं सिद्ध झालं नाही. पण एक मोठा पुरावा हातून गेला.

दुसरी वाट दुःखाची. इथे जरा थांबू या.

१ नोव्हेंबर १७५५. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण. सकाळची वेळ, चर्चेस माणसांनी भरलेली, मेणबत्त्या लावलेल्या. भूकंप झाला. चर्चेस कोसळली, आगी लागल्या, मागून समुद्र शहरात घुसला. हजारो माणसं गेली, आणि त्यांतली कितीतरी प्रार्थना करताना गेली. साऱ्या युरोपात प्रश्न उभा राहिला: आजच? आणि चर्चमध्येच?

आपल्याला लिस्बनपर्यंत जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी. अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती बोळवून माणसं नुकती झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. आठ-दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा शिकवत होतो. माझ्या वर्गात त्या भागातला एक विद्यार्थी होता. महिनाभराने परत आला आणि शेवटच्या बाकावर बसला. त्या दिवशी नेमका पाप-अनिष्टाचा प्रश्न शिकवायचा होता. मी पुस्तक मिटून ठेवलं. ते प्रकरण त्या वर्षी शिकवलंच नाही.

प्रश्न जुना आहे. ईश्वर सर्वशक्तिमान असेल तर तो हे थांबवू शकतो. दयाळू असेल तर थांबवू इच्छितो. मग हे घडतं कसं? आपल्याकडे याच आक्षेपाला 'वैषम्य-नैर्घृण्य' म्हणतात, म्हणजे पक्षपात आणि निष्ठुरता. ब्रह्मसूत्रांत हा आक्षेप स्पष्ट मांडलेला आहे, आणि तिथे उत्तर आहे कर्माचं. ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो. उत्तर तर्काला धरून आहे, नाही असं नाही. पण त्यात दोन अडचणी आहेत. एक, मीमांसक विचारेल: सगळं कर्मानेच ठरतं, तर मधे ईश्वर कशाला? दुसरी अडचण तर्काची नाही. किल्लारीत ढिगाऱ्याखालून मूल काढणाऱ्या आईसमोर उभं राहून 'हे त्याचं पूर्वकर्म' असं सांगून बघा. ज्यांच्या तोंडून हे वाक्य निघत नाही, त्यांच्यातले काही मग म्हणतात की मला तो सिद्धान्तच नको.

आणखी एक गोष्ट. लिस्बननंतर व्हॉल्तेअरने दैवी योजनेवर तुटून पडणारं काव्य लिहिलं, तेव्हा रूसोने त्याला पत्र लिहून कळवलं की सहा-सात मजल्यांची हजारो घरं तिथे दाटीने निसर्गाने बांधली नव्हती. रूसो ईश्वर मानणारा होता. पण त्याने प्रश्न आकाशातून घरांवर आणला. किल्लारीतही माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. भिंती कशा बांधायच्या हा प्रश्न आस्तिक आणि नास्तिक एकाच टेबलावर बसून सोडवू शकतात. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

तिसरी वाट न्यायाची. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. रामाच्या दारात रामाच्याच लेकरांना मज्जाव. हा लढा देवदर्शनाच्या ओढीचा नाही, माणूस म्हणून असलेल्या हक्काचा आहे, हे बाबासाहेबांनी स्वतः सांगितलं होतं. दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्याची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी असा धम्म स्वीकारला ज्यात सृष्टिकर्त्याला जागा नाही. इथे कुमारिलांची अनुमानं कुणी मांडत बसलं नव्हतं. प्रश्न असा होता की ज्याच्या नावाने मला पाण्यापासून दूर ठेवलं गेलं, त्याच्यापुढे मी डोकं का टेकवू?

पण ही वाट नास्तिक्यालाच पोचते असं समजू नका. महात्मा फुल्यांनी तीच विषमता पाहिली, त्याच पोथ्यांवर हल्ला चढवला, आणि तरी एका निर्मिकाला मानलं. सगळ्या स्त्रीपुरुषांना सारखं निर्माण करणारा निर्मिक. म्हणजे न्यायाचा तोच आग्रह एकाला निर्मिकाकडे नेतो, दुसऱ्याला बुद्धाकडे.

चौथी वाट सगळ्यांत शांत आहे. तिच्यावर वाद नाही, भांडण नाही. गरज संपते. माझ्या वयाच्या लोकांनी बाही वर करून पाहावी, दंडावर देवीच्या लसीचा व्रण असेल. शब्द बघा: देवी! रोगाचं नावच देवी. अंगावर फोड आले की देवी आल्या म्हणायचे, तिची शांत करायची, तिला नैवेद्य दाखवायचा. १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण आढळला, १९८० मध्ये जगातून रोग गेल्याचं जाहीर झालं. शीतलादेवी नाही असं कुणी सिद्ध केलं का? कुणीही नाही. देवळं आजही आहेत. पण त्या भीतीने तिच्याकडे जाणारी पावलं थांबली. आजच्या पुष्कळ तरुणांचं असंच आहे. त्यांनी देव नाकारलेला नसतो. आजारी पडलं तर दवाखाना, पाऊस कधी येणार हे वेधशाळा सांगते, आणि देवाकडे जाण्याचा प्रसंगच येत नाही. शिवाय न मानणाऱ्या घरात वाढलेली मुलंही असतात. ती मानत नाहीत, जशी मानणाऱ्या घरातली मानतात. यात विशेष पराक्रम कुणाचाच नाही.

चार वाटा झाल्या. आता दोन आरोप बघू, कारण त्या बाईंच्या मनात तेच असणार.

पहिला आरोप अहंकाराचा. 'स्वतःला देवापेक्षा शहाणा समजतो.' हाच आरोप १९३० च्या ऑक्टोबरात लाहोरच्या तुरुंगात एका तेवीस वर्षांच्या तरुणावर झाला. आरोप करणारे बाबा रणधीरसिंग स्वतः क्रांतिकारक आणि धर्मनिष्ठ. त्यांना वाटलं, प्रसिद्धी या पोराच्या डोक्यात गेली. भगतसिंगांनी उत्तरादाखल निबंध लिहिला, 'मी नास्तिक का आहे'. त्यातला मुद्दा असा की मी हे मत बनवलं तेव्हा मला कुणी ओळखतही नव्हतं. आणि फाशी समोर असताना देव मानणं सोपं पडतं. मानणाऱ्याला पुढच्या जन्माची, स्वर्गाची आशा असते. मला ठाऊक आहे की दोर आवळला की सगळं संपलं. हे लिहिल्यावर साडेपाच महिन्यांत त्यांना फाशी झाली. याला तुम्ही चूक म्हणा हवं तर. पण सोयीचा मार्ग म्हणू नका.

दुसरा आरोप नीतीचा. देवाचं भय गेलं की माणूस मोकाट सुटतो. गोपाळ गणेश आगरकरांकडे बघा. अज्ञेयवादी माणूस. १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, बालविवाह आणि केशवपनावर आसूड ओढले. पुण्याच्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या दारावरून नेली. दम्याने बेजार, हाताशी पैसा नाही. चाळिशीही गाठली नाही. ना स्वर्गाचा लोभ, ना नरकाचं भय, मग हा माणूस इतका कशाला झिजला? विधवांचं दुःख त्यांना दिसत होतं आणि ते खरं होतं. एवढं कारण त्यांना पुरलं. उलट बाजूने हेही म्हणतो की देव न मानणारे सगळे आगरकर नसतात. आळशी असतात, उद्धट असतात, फॅशन म्हणून बोलणारेही असतात. मानणाऱ्यांत असतात तसेच.

उद्धटांचं उदाहरण माझ्या घरातलंच देतो, म्हणजे मीच. डॉक्टरेट नुकती मिळाली होती. मला कावीळ झाली होती, आणि आईने त्यासाठी नवस बोलला होता. बरा झाल्यावर ती म्हणाली, चल, नवस फेडून येऊ. मी तिला अर्धा तास ह्यूम ऐकवला. चमत्काराची शक्यता, साक्षीची विश्वासार्हता, सगळं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "बरं. मी जाते एकटी." आणि गेली. एस.टी.ने, सहा तास उभी राहून. माझा युक्तिवाद आजही मला बरोबर वाटतो. त्या दिवशी मी तिच्याबरोबर गाडीत नव्हतो, ते चुकलं. सोबत जायला नवसावर विश्वास लागत नव्हता.

आता त्या बाईंचं उत्तर. बाई, तुम्ही विचारलंत, संस्कारांत काय कमी पडलं? या चार वाटांकडे पुन्हा बघा. पुरावा मागणारा खरेपणाचा आग्रह धरतो. दुःखाने अडखळणारा करुणेचा. न्याय मागणारा समतेचा. गरज न उरलेला निदान ढोंग तरी करत नाही. हे आग्रह मुलांना कुठे मिळतात? घरात. खोटं बोलू नये, मनात एक आणि ओठावर एक ठेवू नये, हे तुम्हीच त्याला सांगितलं असणार. तुमचा मुलगा काय म्हणाला? 'जे खरं वाटत नाही ते म्हणणार नाही.' संस्कार कमी पडले असते तर तो मुकाट पाटावर बसला असता, हात जोडले असते आणि मनात घड्याळ बघितलं असतं. तसं करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या आया मला विचारायला येत नाहीत.

(हशा)

हसू नका, मी गंभीरपणे बोलतोय. आणि मुलालाही एक सांगायचं आहे. तुझं म्हणणं बरोबर असेल. पण 'दिवसभर घरी थांबतो' हे जे तू म्हणालास, ते वाक्य तुझ्या नकारापेक्षा मोठं आहे. ते पाळ. आईला ह्यूम ऐकवू नकोस.

आपल्या घटनेने ही सोय केव्हाच करून ठेवली आहे. मंत्र्याला पद स्वीकारताना ईश्वराला स्मरून शपथ घेता येते, किंवा ईश्वराचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. दोन्हीची किंमत सारखी. एकाच सभागृहात, एकाच दिवशी, शेजारी शेजारी दोन्ही होतात आणि कुणाला काही वाटत नाही. जे सभागृहात चालतं ते घराच्या ओसरीवर चालायला काय हरकत आहे?

शेवट उदयनाचार्यांनी करतो, कारण त्यांच्यावर आपण दोन व्याख्यानं घालवली. न्यायकुसुमांजली म्हणजे ईश्वरसिद्धीचा आपल्याकडचा सर्वांत बळकट ग्रंथ. चार्वाक, मीमांसक, बौद्ध, सांख्य, सगळ्यांचे आक्षेप घेऊन खोडून काढले आहेत. आणि इतकं सगळं झाल्यावर शेवटी ते ईश्वराला विनवतात, त्याचा आशय असा: एवढ्या युक्तिवादांनी धुऊनही ज्यांच्या मनात तुला जागा मिळत नाही, त्यांची मनं दगडाचीच म्हणायची. पण विरोधक म्हणून का होईना, त्यांनी तुझंच चिंतन केलं आहे. हे दयाळा, वेळ येईल तेव्हा तूच त्यांनाही तार.

हजार वर्षांपूर्वीचा हा पट्टीचा वादपटू. प्रतिपक्षाला एक इंचही न सोडणारा. आणि त्याला देवाच्या दारात नास्तिकांना बाहेर ठेवायचं नव्हतं. आपल्या घराच्या दारात तरी का ठेवावं?

पुढच्या व्याख्यानात चार्वाक. आज राहून गेला, त्याची क्षमा असावी. नमस्कार.